खांब किती, गोणी किती? कुंपणाच्या हिशेबातून एक धडा



या त्रैमासिकाच्या अभ्यासपाठात आपण बहुधा शास्त्रातील एक उतारा घेतो आणि मग सेवाकार्याकडे वळतो. या वेळी सुरुवात दुसऱ्या टोकाने करू. आधी पहार, फावडे आणि घमेले हाती घेऊ, शास्त्र शेवटी उघडू. विषय आहे, कुंपणाचे खांब रोवायला काँक्रीट किती लागते. विषय कोरडा वाटेल. पण हा हिशेब मी स्वतः चुकवला आहे आणि त्या चुकीची किंमत मी नव्हे, एका कातकरी वाडीने मोजली आहे. म्हणून तो तुमच्यापुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

काय घडले

बदलापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी ही वाडी आहे. दिवाळीनंतर इथली बहुतेक घरे बंद होतात. माणसे वीटभट्ट्यांवर जातात आणि मे महिन्याच्या अखेरीस परततात. पावसाळ्यात हाताला काम नसते. बायका शेवळी, टाकळा, करटोली अशा रानभाज्या खुडून बदलापूर आणि अंबरनाथ स्टेशनच्या रस्त्यावर विकतात. त्यातून मीठमिरची सुटते, पण घर चालत नाही. मग भट्टीमालकाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली जाते आणि ती फेडायला पुन्हा भट्टी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीचा दोर अजून तुटलेला नाही.

चार कुटुंबांनी मिळून दहा गुंठ्यांत पावसाळी भाजी लावायचे ठरवले. काकडी, भेंडी, शिराळी, पडवळ. अडचण एकच होती, गुरे आणि शेळ्या. कुंपण हवे होते. उल्हासनगर आणि अंबरनाथच्या मंडळींतून दान जमले. सिमेंटचे तयार खांब आणि काटेरी तार आली. वाडीने तीन दिवसांचे श्रमदान कबूल केले. काँक्रीटचा हिशेब माझ्याकडे होता. मी तो उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पातल्या माझ्या घरी, टेबलावर बसून केला आणि अकरा गोणी सिमेंट नेले.

सत्तावीस खांब उभे राहिले आणि सिमेंट संपले. पंधरा खांब बाकी होते. त्याच संध्याकाळी पहिला पाऊस कोसळला, वाडीचा कच्चा रस्ता चिखलाचा झाला आणि टेम्पोवाल्याने वर यायला नकार दिला. उरलेले पंधरा खांब आम्ही दगडमाती ठोकून उभे केले. दिसायला सगळे सारखेच दिसत होते. मी फोटो काढले आणि दानदात्यांना पाठवले.

जुलैतला पाऊस आपल्या खोऱ्यात काय करतो हे आपण जाणतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तसा पूर आमच्या वाडीवर आला नाही. पण चार दिवसांच्या झडीत माती लोण्यासारखी झाली. दगडमातीतले खांब तारेच्या ताणाने आत झुकले, तार सैल पडली आणि एका रात्रीत गुरे आत शिरली. काकडीचे वेल तर मुळापासून गेले. चारांपैकी दोन कुटुंबांनी श्रावणातच भट्टीची उचल घेतली.

आता हिशेब कुठे चुकला ते क्रमाने पाहू.

१. आधी खड्डे मोजा, खांब नव्हे

जमीन १२० फूट लांब, ९० फूट रुंद. चारी बाजू मिळून ४२० फूट. दर १० फुटांवर एक खांब धरला, तर बंद कुंपणाला ४२० भागिले १०, म्हणजे ४२ खांब. कुंपण एका रेषेतच असेल, दोन्ही टोके मोकळी असतील, तर भागाकारात एक मिळवायचा. १०० फुटांच्या सरळ रेषेला १० नव्हे, ११ खांब लागतात.

इथवर मी बरोबर होतो. पण कोपऱ्याच्या खांबाला तार दोन बाजूंनी ओढते. त्याला प्रत्येक बाजूने एक तिरका टेकू लागतो. चार कोपऱ्यांचे आठ टेकू. फाटकाच्या दोन खांबांना एकेक, असे दोन. एकूण दहा टेकू, आणि प्रत्येक टेकूच्या पायाशी एक खड्डा. म्हणजे खांब ४२, पण खड्डे ५२. मी टेकू मोजलेच नव्हते.

२. कागदावरचा खड्डा आणि जमिनीतला खड्डा

आमचे खांब ७ फुटी, ४ इंच बाय ४ इंच. त्यातले २ फूट जमिनीत. साधारण नियम असा की खांबाच्या एकूण लांबीचा चौथा ते तिसरा हिस्सा जमिनीत जावा.

मी खड्डा १ फूट व्यासाचा, गोल धरला. गोल खड्ड्याचे माप काढायची सोपी रीत आहे. व्यासाला व्यासाने गुणा, मग ०.७८५ ने गुणा, मग खोलीने गुणा. १ गुणिले १ गुणिले ०.७८५ गुणिले २ बरोबर १.५७ घनफूट. यातून खांबाने व्यापलेली जागा वजा करायची, ती ०.२२ घनफूट. उरले १.३५ घनफूट. ४२ खांबांना सुमारे ५७ घनफूट, आणि त्यावरून अकरा गोणी.

प्रत्यक्षात काय झाले? आपल्याकडे वर थोडी माती, खाली मुरूम आणि मध्ये मध्ये काळा दगड. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर ज्या काळ्या दगडातून घडवले, तोच दगड आपल्या पहारीला लागतो. पहारीने एक धोंडा उपटला की खड्ड्याचा काठ त्याच्यासकट सुटतो. आमचे खड्डे सरासरी १५ इंचांचे निघाले. तीन इंचांनी काय बिघडते, असे मला वाटले होते. मोजून पाहा. १५ इंच म्हणजे १.२५ फूट. १.२५ गुणिले १.२५ गुणिले ०.७८५ गुणिले २ बरोबर २.४५. खांबाचे ०.२२ वजा जाता २.२३ घनफूट.

व्यास चौथाईने वाढला, पण काँक्रीट १.३५ वरून २.२३ वर गेले, म्हणजे दीडपटीहूनही जास्त. कारण हिशेबात व्यास दोनदा गुणला जातो. खोली इंचभर चुकली तर फार फरक पडत नाही, रुंदी चुकली तर सगळे गणित कोसळते. अकरा गोणींत सुमारे ६० घनफूट काँक्रीट झाले. ६० भागिले २.२३ म्हणजे सत्तावीस. बरोबर सत्ताविसाव्या खांबाला सिमेंट का संपले, याचे उत्तर एवढेच आहे.

पुढे वाडीतल्या एका आजींसमोर मी हे गणित मांडले. त्या म्हणाल्या, "दादा, तुमचा खड्डा कागदावर गोल. आमच्या जमिनीत धोंडा निघेल तसा खड्डा." मला हे आधी विचारता आले असते. विचारले नाही.

३. घमेल्याची कसोटी

या वर्षी मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. भट्टीवरून परतलेल्या एका तरुणाने फूट आणि इंच न वापरता मोजायची रीत काढली. भट्टीवर हजार विटांमागे मजुरी मिळते, त्यामुळे साचा आणि मोजणी ही त्याच्या हातातली गोष्ट. तो म्हणाला, "दादा, दोन-तीन खड्डे आधी खणू. खांब मधोमध उभा करू आणि भोवती कोरडी रेती ओतू. किती घमेली मावतात ते मोजू. मग रेती काढून घेऊ."

आम्ही तसे केले. वेगवेगळ्या जागचे तीन खड्डे निवडले, एक मऊ जमिनीत, दोन दगडात. सरासरी साडेपाच घमेली निघाली. काठ वेडावाकडा असो, तळ उतरता असो, रेती सगळे भरून काढते. माझ्या टेबलावरच्या सूत्रापेक्षा ही कसोटी खरी आहे. मंडळींतून कुणी असे काम हाती घेतले, तर एकही गोणी विकत घेण्यापूर्वी हे करावे.

४. एका गोणीत काँक्रीट किती?

इथे पुष्कळ जण फसतात. प्रमाण १:२:४ धरू, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग खडी. बेरीज सात भाग. पण सात घमेली माल कालवला तर सात घमेली काँक्रीट होत नाही. पाटीभर बटाट्यांच्या फटींत वाटाणे मावतात आणि वाटाण्यांच्या फटींत राई. तसेच खडीच्या फटींत रेती बसते आणि रेतीच्या फटींत सिमेंट. म्हणून कोरडा माल ओल्या काँक्रीटच्या सुमारे दीडपट लागतो. बांधकामवाले १.५४ धरतात.

पन्नास किलोची एक गोणी म्हणजे सुमारे सव्वा घनफूट सिमेंट. तिच्याबरोबर अडीच घनफूट रेती आणि पाच घनफूट खडी. या सगळ्याचे काँक्रीट होते साधारण साडेपाच घनफूट. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे: १:२:४ ला गोणीमागे साडेपाच घनफूट.

घमेल्यात सांगायचे तर एक गोणी घमेल्यांत ओतून पाहा. आमच्या घमेल्याने तीन भरली. मग रेती सहा, खडी बारा, एकूण एकवीस घमेली कोरडा माल. एकवीस भागिले १.५४ म्हणजे साडेतेरा घमेली काँक्रीट. एका खड्ड्याला साडेपाच घमेली, तर एका गोणीत अडीच खड्डेसुद्धा पुरते भरत नाहीत. मी गोणीमागे चार धरले होते.

ओल्या रेतीचीही काळजी घ्या. ओलसर रेती फुगते. तेवढेच घमेले भरले तरी आत रेती कमी असते. रेती ओली असेल तर घमेल्यावर थोडी शीग ठेवावी.

सत्ताविसाव्या खांबाशी असताना कुणीतरी सुचवले होते की रेती वाढवून भागवू. मी नको म्हटले, पण मोह झाला होता. सरळ रेषेतल्या खांबांना १:३:६ हे प्रमाणही वापरतात आणि त्यात गोणीमागे सुमारे आठ घनफूट काँक्रीट होते. ते चूक नाही. पण तसे करायचे तर आधी ठरवून, सर्वांना सांगून करावे. टंचाई झाकण्यासाठी ऐन वेळी माल पातळ करणे ही वेगळी गोष्ट आहे.

५. पूर्ण हिशेब

आता तीच जमीन पुन्हा मोजू. यात कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांचे खड्डे दीड फूट रुंद धरले आहेत, कारण सगळा ताण त्यांच्यावर येतो.

साधे खांब ३६, प्रत्येकी २.२३ घनफूट: ८० घनफूट.
कोपरे आणि फाटक मिळून ६ खांब, प्रत्येकी ३.३ घनफूट: २० घनफूट.
टेकूचे खड्डे १०, दीड फूट खोल, प्रत्येकी सुमारे १.६ घनफूट: १६ घनफूट.
एकूण ११६ घनफूट.
सांडलवंड आणि उणेअधिक दहा टक्के: १२ घनफूट.
सर्व मिळून १२८ घनफूट.

१२८ भागिले साडेपाच म्हणजे २३ गोणी आणि थोडे, म्हणून २४ गोणी. रेती ६० घनफूट, खडी १२० घनफूट. दुकानदाराच्या भाषेत १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे रेती ०.६ ब्रास आणि खडी १.२ ब्रास.

चोवीस हव्या होत्या, मी अकरा नेल्या. तेरा गोणींचा फरक. दोन कुटुंबांची उचल मी या तेरा गोणींशेजारी ठेवून पाहतो, तेव्हा मान खाली जाते.

६. कालवताना आणि नंतर

पाणी बेताने घाला. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात एम-१५ या साध्या प्रतीला गोणीमागे जास्तीत जास्त ३२ लिटर पाणी सांगितले आहे. रेती ओली असेल तर त्याहून कमी. पातळ काँक्रीट ओतायला सोपे, पण सुकल्यावर कमजोर.

खांब ओळंब्यात धरून दोरीच्या रेषेत आणा, थराथराने काँक्रीट टाका आणि प्रत्येक थर सळईने कोचा, म्हणजे आत पोकळी राहत नाही. वरचा काठ खांबापासून बाहेर उतरता ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी बुडाशी साचणार नाही. निदान सात दिवस ओले गोणपाट ठेवून पाणी मारा आणि त्याआधी तार ताणू नका. म्हणजे काम पावसाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, मेच्या मध्यापर्यंत सुरू व्हायला हवे. भट्टीवरून लोक परततात मेअखेरीस. म्हणून खांब आणि माल आधी पोहोचवून ठेवणे हे आपले काम.

खांबांच्या मधल्या जागेत करवंद, निरगुडी किंवा शेर लावला तर दोन-तीन वर्षांत जिवंत कुंपण तयार होते. वाडीतल्या बायकांना ही झाडे आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत.

या मेमध्ये आम्ही झुकलेले पंधरा खांब काढून पुन्हा रोवले आणि दहा टेकू दिले. हिशेब निघाला दहा गोणींचा. अकरा नेल्या, एक न फोडता दुकानात परत आली. ती परत करताना मला जो आनंद झाला तो सांगून पटणार नाही. हा पावसाळा खांबांनी उभ्याने काढला. भाजी स्टेशनवर पोहोचली. मागच्या वर्षी उचल घेतलेल्या दोन कुटुंबांपैकी एक यंदा दिवाळीनंतरही वाडीतच राहणार आहे. दुसऱ्याची उचल अजून फिटलेली नाही.

७. शास्त्राकडे

लूककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडा. अठ्ठावीस ते तीस या वचनांत प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. त्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर पाया घालून काम अर्धे राहील आणि बघणारे हसतील.

डिप्लोमाच्या अभ्यासात आम्ही हा उतारा शिष्यत्वाची किंमत म्हणून शिकलो आणि तो अर्थ खराच आहे. पण त्या वाडीनंतर मला त्यातला एक शब्द वेगळा ऐकू येतो. दाखल्यातला माणूस बसतो. मीही बसलो होतो. माझी चूक न बसण्यात नव्हती, एकट्याने बसण्यात होती. ज्यांच्या हातात पहार होती त्यांना मी गणितात घेतले नाही.

दुसरी गोष्ट. दाखल्यातल्या अर्ध्या बुरुजावरून लोक बांधणाऱ्याला हसतात. आपल्या सेवाकार्यात असे होत नाही. आपला हिशेब चुकला तर आपल्याला कुणी हसत नाही. आपण फोटो पाठवतो आणि लोक आभार मानतात. उणीव भरून काढतो तो ज्याच्यासाठी आपण गेलो होतो तो. म्हणून आपल्याला अंदाज जास्त काळजीने करावा लागतो. दान देणाऱ्याचा पैसा जपणे हे कारभारीपण आहे, तसेच ज्याच्या नावाने दान मागितले त्याचा हंगाम जपणे हेही कारभारीपण आहे.

मागच्या वर्षी पाठवलेल्या फोटोंत पंधरा खांब दगडमातीचे होते, हे तेव्हा मी कळवले नव्हते. आज कळवत आहे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या मंडळीने हाती घेतलेल्या शेवटच्या कामाचा अंदाज कुणी केला? ज्यांच्यासाठी काम होते, त्यांच्यातले कुणी त्या बैठकीत होते का?

२. १५० फूट लांब आणि १०० फूट रुंद जमिनीला दर १० फुटांवर खांब धरून बंद कुंपण घालायचे आहे आणि एक फाटक आहे. खांब किती आणि खड्डे किती? (खांब ५०, खड्डे ६०. वहीवर करून पाहा.)

३. अर्धवट राहिलेले एखादे काम आपण पूर्ण म्हणून कळवले आहे का? ते आज कुणाला सांगता येईल?

प्रार्थना: हे प्रभू, आम्हांला मोठ्या मनाने देण्याची आणि नीट मोजण्याचीही बुद्धी दे. आमच्या चुकीचा भार दुबळ्यावर पडू नये म्हणून आम्हांला जागे ठेव. आमेन.